मिलिशियातल्या कॅप्टनची वंशावळ कशी काढायची: लेक्सिंग्टनच्या जॉन पार्करचं उदाहरण

पहिले तीन आठवडे मी चुकीच्याच जॉन पार्करमागे धावत होतो. बायको एकाची, पोरं दुसऱ्याची, मरणाची तारीख तिसऱ्याची, आणि मी सगळं एकाच एक्सेल शीटमध्ये कोंबून वर रंग भरत बसलेलो. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

झालं असं की आमच्या शेजारी एक आजी राहतात, अमेरिकनच, माहेरचं आडनाव पार्कर. त्यांच्या हॉलमध्ये एक जुनी फ्रेम आहे, त्यात मागच्या पिढीतल्या कुणीतरी झोकदार अक्षरात लिहून ठेवलंय की आम्ही कॅप्टन पार्करचे वंशज. आजींना वाटलं हा पोरगा दिवसभर कम्प्युटरसमोर बसतो म्हणजे ह्याला हे जमेल. मलाही वाटलं, त्यात काय, दोन वीकेंडचं काम.

आता हा कॅप्टन पार्कर कोण, तर बॉस्टनच्या वायव्येला लेक्सिंग्टन म्हणून गाव आहे, तिथे १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे इंग्रजांचे साधारण ७०० सैनिक चालून आले आणि समोर गावच्या मैदानात जेमतेम ७७ गावकरी बंदुका घेऊन उभे होते. त्यांचा कप्तान हा. आठ मेले, दहा जखमी झाले आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला तिथून तोंड फुटलं. (आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं म्हणाल तर बारभाई आणि राघोबादादांचं फाटलेलं, मार्चमध्ये सुरतेचा तह झालेला, मे महिन्यात अडासची लढाई. म्हणजे तेच इंग्रज, एकाच उन्हाळ्यात दोन टोकांना भांडत होते.)

सगळ्यात आधी मिलिशिया म्हणजे काय हे डोक्यात पक्कं बसवा, कारण माझी निम्मी चूक तिथेच झाली. मी त्याला फौजेत शोधत होतो. मिलिशिया म्हणजे फौज नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये तेव्हा १६ ते ६० वयाच्या जवळपास प्रत्येक पुरुषाने स्वतःची बंदूक बाळगायची आणि ठरलेल्या दिवशी गावच्या मैदानात कवायतीला यायचं असा कायदा होता. पगारी नोकरी नाही, बराक नाही. आपल्याकडच्या शिलेदारासारखं म्हणा, हत्यार पदरचं, फक्त घोडा नाही आणि महिन्याचा दरमाही नाही. १७७४ च्या शरद ऋतूत तिथल्या प्रांतिक काँग्रेसने सांगितलं की गव्हर्नरने नेमलेले अधिकारी आता नकोत, कंपन्यांनी, म्हणजे गावोगावच्या तुकड्यांनी, आपले अधिकारी आपणच निवडा. म्हणजे कॅप्टन कोण, तर शेजाऱ्यांनी हात वर करून निवडलेला शेजारी. पार्कर शेतकरी होता आणि जोडीला गाड्यांची चाकं करणारा सुतार. असल्या माणसाची सर्व्हिस फाइल कुठल्या कचेरीत असणार? त्याचे कागद गावात सापडतात: गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदींत, चर्चच्या वहीत, जमिनीच्या खरेदीखतांत आणि मेल्यावर निघालेल्या मालमत्तेच्या यादीत. हे कळलं त्या दिवसापासून माझं काम सुरळीत झालं.

तर सुरुवात अशी करा. आधी तुमचा माणूस नक्की करा. नुसतं नाव धरून काही होत नाही, त्या भागात जॉन पार्कर पैशाला पासरी होते. नाव, गाव, बायको, आणि जन्म किंवा मरणाची तारीख, एवढ्या चार गोष्टी एकत्र जुळल्या तरच तो आपला. आपल्या कॅप्टनचं असं आहे: जन्म १३ जुलै १७२९, लेक्सिंग्टन. वडील जोसाया पार्कर, आई अ‍ॅना स्टोन. १७५५ च्या मे महिन्यात लिडिया मूरशी लग्न. सात मुलं. मृत्यू १७ सप्टेंबर १७७५, क्षयाने, म्हणजे लढाईनंतर पाच महिन्यांत, वय ४६. हे एका कार्डावर लिहून मॉनिटरला चिकटवा. पुढे जो कुणी जॉन पार्कर सापडेल त्याला आधी ह्या कार्डासमोर उभं करायचं. १७७८ च्या कुठल्या खतावर कुणा कॅप्टन जॉन पार्करची सही दिसली तर तो आपला नाही, सरळ आहे, आपला तोवर गेलेला. मी नेमकं हेच केलं नव्हतं.

हा बेसिक डेटा मिळवणं मॅसॅच्युसेट्सपुरतं तरी सोपं आहे. लेक्सिंग्टनने आपल्या जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी १८९८ मध्ये पुस्तकरूपात छापल्या, आणि १९०२ च्या एका कायद्यानंतर तिथल्या बऱ्याच गावांच्या १८५० पर्यंतच्या नोंदी तशाच छापल्या गेल्या. सगळं स्कॅन होऊन नेटवर फुकट पडलंय. फॅमिलीसर्च ह्या वंशावळींच्या वेबसाइटवर फ्री अकाउंट काढा, तिथे खतं आणि मृत्युपत्रांचे फोटोसुद्धा आहेत आणि हल्ली हाताने लिहिलेल्या बऱ्याच मजकुरातही सर्च चालतो. (ह्याच संस्थेने आपल्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचेही मायक्रोफिल्म केलेत. अमेरिकन माणसाचा खापरपणजोबा शोधायला मी जिथे लॉगिन करतो तिथेच हरिद्वारला जाऊन आलेली घराणीपण आहेत, हे कळल्यावर मला जरा वेगळंच वाटलं.) बॉस्टनची न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटी १८४५ पासून हेच काम करतेय, तिची वेबसाइट पेड आहे पण गावच्या लायब्ररीत बसून बघता येते का ते आधी विचारा, पैसे वाचतील.

मग छापील वंशवृत्तं. आपल्याकडे जसे कुलवृत्तांत निघाले, गोखले, अमुक, तमुक, तसं तिकडे एकोणिसाव्या शतकात प्रत्येक घराण्याने आपापलं पुस्तक काढलं. लेक्सिंग्टन गावचा इतिहास १८६८ मध्ये निघाला, त्यात गावातल्या घराण्यांच्या वंशावळी आहेत, १९१३ मध्ये त्याची वाढवलेली दोन खंडांची आवृत्ती आली. ह्या पार्कर घराण्याचं वेगळं पुस्तक १८९३ ला वूस्टरमध्ये छापलं. ती पुस्तकं वाचाच, पण नकाशा म्हणून वाचा, पुरावा म्हणून नाही. आमच्या स्वतःच्या घराण्याच्या हस्तलिखितात एक पूर्वज 'पेशव्यांचे सरदार' आहेत, आणि मूळ कागदात बघितलं तर ते कुठल्याशा कारखान्यात कारकून होते. कारकून असणं काय वाईट आहे? पण लिहिणाऱ्या काकांना सरदार पाहिजे होता. तिकडचे काकाही तसेच.

आता पूर्वज. नियम एकच, एका वेळी एकच पायरी उतरायची आणि खालच्या पायरीवर पाय ठेवण्याआधी कागदाने ती ठोकून बघायची. पार्करची साखळी अशी उतरते: कॅप्टन जॉनचे वडील जोसाया, गावच्या मिलिशियात लेफ्टनंट आणि गावच्या कारभारात मुरलेले. जोसायाचे वडील जॉन, हे १७१२ च्या सुमाराला रेडिंगहून लेक्सिंग्टनला राहायला आले. त्यांचे वडील हनानाया, रेडिंगच्या मिलिशियात लेफ्टनंट. आणि हनानायाचे वडील थॉमस, जे १६३५ मध्ये 'सुझन अँड एलन' नावाच्या जहाजाने लंडनहून आले, आधी लिनमध्ये राहिले, मग रेडिंगमध्ये, आणि तिथल्या चर्चचे डीकन, म्हणजे पाद्र्याच्या हाताखालचे कारभारी, झाले. म्हणजे १७७५ च्या पहाटे जो कप्तान उभा होता त्याचा बाप लेफ्टनंट, पणजा लेफ्टनंट. गावाने कुणालाही उचलून कप्तान केलं नव्हतं. वंशावळ काढण्यात मजा ही असते, नाहीतर नुसती नावं तर फोनच्या डिरेक्टरीतही मिळतात.

ह्या प्रत्येक जोडाला पुरावा काय? जन्माची नोंद चांगली, पण सगळ्यात भारी मृत्युपत्र. बाप मरताना लिहितो की माझ्या अमुक मुलाला वरचं कुरण, तमुक मुलाला रोख रक्कम, आणि माझी मुलगी जी आता अमक्याची बायको आहे तिला एक गाय आणि पलंग. एका पानात मुलं, जावई, नातवंडं, सगळे हजर. लेक्सिंग्टन मिडलसेक्स काउंटीत येतं, तिथले मृत्युपत्र आणि वारसाचे कागद १६४८ पासूनचे आहेत. मृत्युपत्र नसेल तरी निराश होऊ नका, तेव्हा मालमत्तेची यादी असते. शेजारचे तीन भरवशाचे लोक घरी येऊन मोजदाद करायचे आणि अक्षरशः चमच्यापर्यंत लिहायचे. गाई किती, पितळी भांडी किती, सुताराची हत्यारं कोणती, बंदूक होती का, पुस्तकं होती का. माणूस काय खायचा आणि कशावर झोपायचा ते इथे कळतं, लढाईच्या वर्णनात नाही कळत. विधवेला साधारण तिसरा हिस्सा तोडून द्यायचे, कधीकधी इतकं बारीक की घराची अमुक खोली, आडावर जायची वाट, आणि भट्टीत पाव भाजायचा हक्क. ह्या याद्या वाचायला बसलो की माझी चहाची वेळ टळते.

बायकांचं शोधणं मात्र खरंच त्रासाचं. पुरुषाच्या मागे कागद असतात, बाईच्या मागे नवऱ्याचं नाव. आई अ‍ॅना स्टोन, बायको लिडिया मूर, ही माहेरची नावं लग्नाच्या नोंदीमुळे टिकली. जिथे लग्नाची नोंद नाही तिथे तिच्या बापाचं मृत्युपत्र शोधावं लागतं, म्हणजे जिचं माहेर माहीत नाही तिच्या माहेरचं मृत्युपत्र. अशा वेळी नवऱ्याच्या खतांवर साक्षीदार कोण, मुलांची नावं कुणावरून ठेवली, शेजारची जमीन कुणाची, असं वळसा घालून जायचं. विधवा झालेली बाई बरेचदा दुसरं लग्न करते आणि आडनाव बदलून तुमच्या नजरेतून निसटते, हेही ध्यानात असू द्या.

आता तीन खड्डे, तिन्हीत मी पडलोय.

पहिला खड्डा गावांच्या नावांचा. लेक्सिंग्टन १७१३ पर्यंत लेक्सिंग्टन नव्हतंच, ते केंब्रिजचा भाग होतं, केंब्रिज फार्म्स म्हणायचे. म्हणजे १७०५ ची नोंद लेक्सिंग्टनमध्ये शोधाल तर जन्मात सापडणार नाही. आणि रेडिंगची तर गंमतच आहे, थॉमस पार्करचं जुनं रेडिंग म्हणजे आजचं वेकफील्ड. तो भाग १८१२ ला साउथ रेडिंग म्हणून वेगळा झाला आणि १८६८ ला वेकफील्ड झाला. मी आजच्या रेडिंगच्या स्मशानात पाऊण तास फिरून आलो, हातात प्रिंटआउट, पायाखाली चिखल, आणि मग कळलं की आपण गावच चुकलो. तेव्हा माणूस शोधण्याआधी त्या वर्षी ते गाव कुणाच्या हद्दीत होतं ते बघा. आपल्याकडे परगणे आणि तर्फा बघतो तसंच.

दुसरा खड्डा तारखांचा. इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत १७५२ पर्यंत जुनं कॅलेंडर होतं आणि नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले चोवीस दिवस मागच्या वर्षात मोजायचे. लेक्सिंग्टन गाव झालं त्याची तारीख म्हणूनच २० मार्च १७१२/१३ अशी दोन वर्षं घालून लिहितात. समजा कागदात लग्न मे १७२८ ला आहे आणि मूल फेब्रुवारी १७२८ ला, तर भुवया उंचावू नका, ते मूल लग्नानंतर नऊ महिन्यांनीच झालंय. जुन्या नोंदींत महिन्यांना नंबर असतात, तिथे पहिला महिना म्हणजे मार्च. पुढे १७५२ च्या सप्टेंबरमध्ये २ तारखेनंतर एकदम १४ उजाडली, अकरा दिवस गायब. ज्यांनी कधी मोडी कागदात शुहूर सन वाचलाय, जिथे वर्ष मृग लागल्यावर बदलतं, त्यांना हे कळायला दोन मिनिटं लागतील. बाकीच्यांनी तारीख कागदात जशी आहे तशीच उतरवून घ्यावी आणि शेजारी आपलं गणित लिहावं, मूळ तारखेत दुरुस्ती करू नये.

तिसरा खड्डा शब्दांचा. ज्युनियर म्हणजे मुलगा आणि सीनियर म्हणजे बाप असं धरून चालू नका. एका गावात एकाच नावाचे दोघं असले की वयाने मोठा तो सीनियर, धाकटा तो ज्युनियर, भले ते काका-पुतण्ये असोत नाहीतर एकमेकांचे कोणीच नसोत. आणि मोठा मेला की कालचा ज्युनियर आजपासून सीनियर! माझी ती रंगीत एक्सेल शीट इथेच कोसळली. तसंच पदव्यांचं, कॅप्टन, लेफ्टनंट, डीकन हे एकदा चिकटलं की मरेपर्यंत नावापुढे राहायचं, थडग्यावरसुद्धा. ह्याचा त्रास नाही, उलट फायदा करून घ्या. दोन जॉन पार्करांमध्ये एकाच्या मागे 'कॅप्टन' आणि दुसऱ्याच्या मागे 'शेतकरी' असं सातत्याने येत असेल तर दोघं वेगळे करता येतात. अक्षराचं म्हणाल तर शब्दाच्या आतला एस हा एफसारखा दिसतो, आणि जॉन हे नाव पूर्ण न लिहिता जे-एन-ओ एवढंच लिहायचे. ती तीन अक्षरं सर्चमध्ये टाकली तेव्हा मला एका संध्याकाळी चौदा नवे कागद मिळाले. आधी कुठे होते? तिथेच होते.

लष्करी भागाकडे आता या, मुद्दाम शेवटी ठेवलाय. राज्याने १८९६ ते १९०८ मध्ये क्रांतियुद्धातल्या आपल्या सैनिकांची आणि खलाशांची सतरा खंडांची यादी छापली, आडनावानुसार लावलेली. मूळ हजेरीपटावरून केलेल्या नोंदी आहेत, स्पेलिंग जसं होतं तसं. पार्कर आडनाव काढा आणि श्वास रोखून बसा, पानंच्या पानं आहेत. प्रत्येक नोंदीत गाव आणि कंपनी दिलेली असते, त्यावरून चाळायचं. पेन्शनच्या फाइली वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत पण त्या जे जगले त्यांच्या किंवा त्यांच्या विधवांच्या, मुख्यतः १८१८ आणि १८३२ च्या कायद्यांनंतरच्या. आपला कॅप्टन तर १७७५ मध्येच गेला. तरीही त्याच्या कंपनीतल्या म्हाताऱ्यांच्या फाइली वाचा, त्यांनी अर्जात आपण कुणाच्या हाताखाली होतो हे सांगितलेलं असतं, आणि विधवांनी तर लग्नाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलची पानं फाडून जोडलीत. १८०० च्या नोव्हेंबरमध्ये युद्धखात्याच्या कचेरीला आग लागून आधीचं बरंच जळालं, त्यामुळे १८०० च्या आधीचा अर्ज नाही मिळाला तर दोष तुमचा नाही.

पार्कर आधी फ्रेंचांविरुद्धच्या युद्धात होता, १७५८ ला लुइबर्ग, १७५९ ला क्वेबेक, असं सगळीकडे लिहिलेलं दिसेल. असल्या वाक्यावर थांबून विचारायचं, हजेरीपटावर जो जॉन पार्कर आहे त्याचं गाव काय? त्या युद्धातल्या मॅसॅच्युसेट्सच्या पटांवर एकवीसच्या आतल्या पोराच्या नावासमोर बापाचं किंवा मालकाचं नाव असतं. आपला तेव्हा तिशीच्या आसपास, लग्न झालेला. समोर बापाचं नाव असलेला जॉन पार्कर दिसला तर तो बाजूला ठेवायचा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, लेक्सिंग्टनच्या मैदानावरचा तो दगड. मैदानात एक मोठा धोंडा आहे, त्यावर कोरलंय की पार्कर आपल्या माणसांना म्हणाला जागा सोडू नका, त्यांनी गोळी झाडल्याशिवाय झाडू नका, पण त्यांना लढाईच हवी असेल तर ती इथूनच सुरू होऊ दे. लोक त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात, मीही काढलाय. आता दुसरा कागद बघा. लढाईनंतर सहाच दिवसांनी, २५ एप्रिल १७७५ ला पार्करने स्वतः शपथेवर जबानी दिली. त्यात तो म्हणतो की रात्री एकच्या सुमाराला बातमी आली, मी मिलिशियाला मैदानात बोलावलं, काय करायचं ते ठरवायला, आणि आमचं असं ठरलं की त्यांच्या नजरेस पडायचं नाही, त्यांनी छेडल्याशिवाय त्यांच्या वाटेला जायचं नाही, आणि ते एकदम चालून आल्यावर मी लगेच माझ्या लोकांना पांगायला सांगितलं, गोळी झाडू नका म्हटलं. जागा सोडू नका आणि पांगा! दगडावरचं वाक्य आलंय ते अनेक वर्षांनंतरच्या आठवणींतून, घरात सांगितलेल्या गोष्टींतून, कॅप्टनचा नातू थिओडोर पार्कर ह्याने ते पुढे लोकांपर्यंत नेलं.

मग जबानी खरी आणि दगड खोटा, असं लगेच म्हणायचं का? नाही, जरा थांबा. जबान्या कशासाठी घेतल्या होत्या? आधी गोळी इंग्रजांनी झाडली आणि आम्ही निरुपद्रवी होतो हे लंडनच्या लोकांना पटवायला. त्यामुळे 'पांगा' म्हणण्यात तेव्हा फायदा होता, आणि पन्नास वर्षांनी स्वतंत्र देशात 'जागा सोडू नका' म्हणण्यात फायदा होता. दोन्ही कागद एकाशेजारी एक ठेवायचे, प्रत्येकासमोर तारीख आणि तो कुणी कुणासाठी लिहिला ते टाकायचं. मला विचाराल तर सहा दिवसांच्या कागदाला मी जास्त वजन देतो. पण चरित्रात दोन्ही आले पाहिजेत.

कंपनीची यादीपण नुसती यादी म्हणून वाचू नका. हॅरिंग्टन, मन्रो, स्मिथ, पार्कर, रीड, तीच तीच आडनावं परत परत. सगळे भाऊबंद, साडू, मेहुणे, जावई. त्या दिवशी संगिनीने मारला गेलेला जोनास पार्कर हा कॅप्टनचा चुलतभाऊ. आठ मेलेल्यांपैकी दोन हॅरिंग्टन. म्हणजे कप्तानाच्या समोर जी माणसं पडली ती त्याच्या लग्नाकार्यातली होती, हे कळलं की त्याच दिवशी दुपारी तो खोकत खोकत उरलेल्यांना घेऊन परत रस्त्यावर का गेला आणि माघारी फिरलेल्या इंग्रजांवर गावाच्या वेशीवर हल्ला का केला, ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्या जागी काही वर्षांपूर्वी पुरातत्त्ववाल्यांनी मेटल डिटेक्टर लावून शिशाच्या गोळ्या शोधल्यात, कोण कुठे उभं होतं ते त्यांच्या पडण्यावरून ठरवलं.

ह्याच यादीत प्रिन्स एस्टब्रुक आहे. कृष्णवर्णीय, गुलाम, कंपनीत उभा राहिला आणि जखमी झाला. त्याची वंशावळ काढायला बसा म्हणजे कळेल की आपण कॅप्टनच्या बाबतीत किती लाडावलेलो आहोत. आडनाव मालकाचं. अशा माणसांचा शोध मालकाच्या मालमत्तेच्या यादीत, गाईंच्या आणि भांड्यांच्या खाली घ्यावा लागतो. तरी घ्या. कप्तानाचं चरित्र लिहिताना त्याच्या मागे कोण उभं होतं ते गाळू नका.

चर्चच्या वह्यांबद्दल थोडक्यात: पार्कर जन्मला तेव्हा लेक्सिंग्टनचे पाद्री जॉन हॅन्कॉक होते, ज्याची अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर मोठी सही आहे त्या हॅन्कॉकचे आजोबा. १७५५ पासून जोनास क्लार्क, पार्करच्या मुलांचे बाप्तिस्मे त्यांच्या काळातले. बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे, बस.

प्रत्यक्ष जायचं असेल तर एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी जा, तिथे पॅट्रियट्स डेला, म्हणजे ह्या लढाईच्या आठवणीच्या सुट्टीला, पहाटे साडेपाचच्या सुमाराला लढाई करून दाखवतात. तीन साडेतीनलाच लोक शिड्या घेऊन जागा धरतात, थंडी मरणाची, थर्मासमध्ये चहा न्या आणि मोजे दोन घाला. मैदानाच्या टोकाला बंदूक घेतलेला पुतळा आहे, १९०० मधला, हेन्री हडसन किटसनचा, सगळे त्याला कॅप्टन पार्कर म्हणतात. पण पार्करचं एकही चित्र त्याच्या हयातीतलं नाही, त्यामुळे वंशावळीत फोटोच्या चौकोनात तो पुतळा टाकू नका, मोकळा ठेवा. खरी वस्तू बघायची तर बॉस्टनला स्टेट हाउसमध्ये जा, सिनेटच्या दालनात दोन मस्केट, म्हणजे जुन्या लांब नळीच्या बंदुका, टांगल्यात, एक पार्करची स्वतःची आणि एक त्या दिवशी इंग्रजांकडून मिळवलेली. नातू थिओडोर १८६० मध्ये फ्लॉरेन्सला वारला, त्याने त्या राज्याला देऊन ठेवल्या. हा थिओडोर अकरा भावंडांतला शेंडेफळ, गुलामगिरीविरुद्ध जन्मभर भांडलेला पाद्री. जुन्या स्मशानात जाल तेव्हा थडग्यांवर खडू किंवा शेव्हिंग फोम घासू नका, दगड खराब होतो. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो घ्या, नाहीतर छोटा आरसा न्या आणि बाजूने उजेड पाडा, अक्षरं आपोआप उठून दिसतात.

समुद्रापलीकडे मात्र सांभाळून. जहाजाच्या यादीत माणसाचं नाव मिळतं, त्याचं इंग्लंडमधलं गाव बहुतेक वेळा मिळत नाही. इंग्लंडच्या चर्चमध्ये १५३८ पासून नोंदी आहेत, त्यात थॉमस पार्कर शोधायला गेलात तर पोत्याने सापडतील, कारण पार्कर म्हणजे राखीव रानाचा राखणदार, गावोगाव असायचे, एकमेकांचे कोणी लागत नाहीत. मग कुणीतरी तुम्हाला पार्कर घराण्याचं कुलचिन्ह असलेला कॉफीचा मग विकायला येईल. इंग्लंडात ते चिन्ह एका माणसाला आणि त्याच्या वारसांना मिळतं, आडनावाला नाही. तो मग कॉफीला चांगला असतो, वंशावळीत चिकटवायचा नाही. वाय डीएनए टेस्ट, जी बापाकडून मुलाकडे जाते, ती एवढंच सांगते की दोन पार्कर एकाच मुळाचे आहेत का. तेवढं सांगितलं तरी पुष्कळ.

आमच्या आजींचं असंच झालं. त्यांच्या पुतण्याने टेस्ट केली आणि तो रेडिंगच्या पार्करांशी जुळलाच नाही. मला सांगायला जीभ रेटेना. मग मी परत पहिल्यापासून, एकेक पायरी, त्यांच्या आजोबांपासून मागे गेलो, आणि साखळी जाऊन पोचली ग्रोटनला, जेम्स पार्करकडे. तोही मिलिशियाचा कॅप्टन! शंभर वर्षं आधीचा. मार्च १६७५/७६ मध्ये, बघा इथेही दोन वर्षं, मूलनिवासींच्या मोनोको नावाच्या नायकाने ग्रोटन जाळलं तेव्हा गढीच्या आत हा कॅप्टन होता, आणि मोनोको रात्री शेजारच्या घरातून त्याला हाक मारून बोलत होता, जुन्या ओळखीचे शेजारी म्हणून, आता मी बॉस्टनही जाळणार वगैरे.

आजींना सगळे कागद टेबलावर मांडून दाखवले. त्यांनी चष्मा लावून तासभर वाचलं. मग फ्रेमकडे बघून म्हणाल्या, त्यावर कुठे लेक्सिंग्टन लिहिलंय? कॅप्टन पार्करच लिहिलंय ना? फ्रेम आहे तिथेच आहे.